पूर येईपर्यंत थांबणं: ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चं प्रकरण

‘व्हिलेज रॉकस्टार्स’ची श्रेयनामावली वाचायला फार वेळ लागत नाही. लेखन रीमा दास, दिग्दर्शन रीमा दास, छायाचित्रण रीमा दास, संकलन रीमा दास, निर्मितीही रीमा दास. २०१८ साली या आसामी सिनेमाला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळालं तेव्हा बातमीदारांना मथळा आयताच सापडला: एका बाईने एकटीने केलेला सिनेमा. तेव्हापासून फिल्म सोसायट्यांच्या गप्पांत आणि लघुपटांच्या कार्यशाळांत हे उदाहरण हमखास निघतं. एक कॅमेरा घ्या, गावाला जा, सिनेमा होतो! सल्ला ऐकायला छान आहे आणि निम्मा खराही आहे. उरलेला निम्मा भाग मात्र कोणी सांगत नाही, आणि कॅमेरा खांद्याला लावून निघालेल्या पोराला गरज असते ती त्याचीच.

आधी जागा. गुवाहाटीहून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर कामरूप जिल्ह्यात छयगाव आहे, आणि त्याच्या आसपासचं कलरदिया हे रीमा दास यांचं गाव. नकाशावर पाहिलं तर काही फार लांब नाही. पण ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावरच्या या सखल मुलखात जून ते सप्टेंबर पाण्याचंच राज्य असतं. भातखाचरं बुडतात, वाटा बुडतात, शाळा बंद पडते, आणि पाणी ओसरलं की माणसं पुन्हा चिखलात उतरून लावणी करतात. सिनेमाच्या धंद्याच्या दृष्टीने तर हे गाव अस्तित्वातच नव्हतं. तिथे चित्रीकरणाचं सामान भाड्याने मिळत नाही, राहायला लॉज नाही, आणि ‘लोकेशन’ म्हणून कोणाच्या यादीत त्याचं नाव नाही.

गोष्टही तेवढीच लहान. धुनू दहा वर्षांची. वडील पुरात बुडून गेलेले. आई मोलमजुरी आणि शेती करून दोन लेकरांना वाढवते. गावातल्या पोरांनी थर्माकोलची वाद्यं करून एक बँड काढलाय, त्यांच्यात ही एकटी मुलगी. तिला खरी गिटार हवी आहे. ती पै पै साठवते, पोरांबरोबर झाडावर चढते, शेजारणी नाकं मुरडतात, आणि आई लेकीच्या बाजूने उभी राहते. एवढंच. सत्त्याऐंशी मिनिटांत याहून मोठं काही घडत नाही, आणि घडावं असं वाटतही नाही.

ही गोष्ट दिग्दर्शिकेला सापडली तीही कामाच्या ओघात. रीमा दास यांनी समाजशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण पुणे विद्यापीठात घेतलं आणि २००३ मध्ये अभिनेत्री व्हायचं म्हणून मुंबई गाठली. पृथ्वी थिएटरमध्ये प्रेमचंदांच्या ‘गोदान’च्या नाट्यरूपात काम केलं. सिनेमाच्या शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. जगभरचा सिनेमा पाहत पाहत शिकल्या, लघुपट केले, आणि पहिला मोठा चित्रपट ‘अंतर्दृष्टी’ करायला गावी परतल्या. निवृत्त शिक्षकाला मुलाने दुर्बीण भेट दिल्याची ती कथा. त्याच सुमाराला गावातल्या एका कार्यक्रमात पोरांचा खोट्या वाद्यांचा बँड त्यांनी पाहिला. पुढचा सिनेमा तिथेच सुरू झाला.

दिवसाचा भाव

आता मुख्य मुद्दा. या सिनेमाच्या चित्रीकरणाचे दिवस दीडशेच्या आसपास भरले आणि ते सुमारे चार वर्षांत विखुरलेले होते. आपल्याकडचा मध्यम खर्चाचा मराठी सिनेमा साधारण तीस-पस्तीस दिवसांत उरकावा लागतो. दिग्दर्शकाला घाई असते म्हणून नव्हे. पन्नास-साठ माणसांचं युनिट खेड्यात उतरलं की गाड्या, राहणं, दोन वेळचं जेवण, जनरेटर, दिव्यांचं भाडं आणि प्रत्येकाचा रोजचा मेहनताना, असा मीटर सकाळी सहापासून पळू लागतो. पाऊस आला तरी तो थांबत नाही. त्यामुळे निर्मात्याला पाऊस नको असतो, आजारी बैल नको असतो, आणि रडायला तयार नसलेलं मूल तर नकोच असतं.

रीमा दास यांनी युनिटच ठेवलं नाही. हातात डीएसएलआर, म्हणजे फोटो काढायचा पण व्हिडिओही घेणारा कॅमेरा, समोर गावातली मुलं, सोबत आवाज मुद्रित करायला नात्यातली बहीण मल्लिका दास. दिवे नाहीत, नैसर्गिक प्रकाश. मुलांच्या हाती पाठांतराची संहिता नाही. मुक्काम स्वतःच्याच गावात. यात पैसे वाचले हे उघड आहे, पण खरी गोष्ट वेगळी आहे. जास्तीच्या एका दिवसाचा खर्च जवळपास शून्यावर आला. एखादा प्रसंग आज नाही जमला तर पुढच्या आठवड्यात, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात. ज्याला थांबायला काही लागत नाही, तो निसर्गाकडून आणि मुलांकडून अशा गोष्टी मिळवतो ज्या तासाच्या भावाने विकत मिळत नाहीत.

पुराचंच घ्या. पूर वेळापत्रकात बसवता येत नाही. मोठ्या निर्मितीसंस्थेने तलावात सेट लावला असता किंवा संगणकावर पाणी चढवलं असतं. इथे तेच शेत कोरडं दिसतं, मग रोपांनी भरलेलं, मग पाण्याखाली, आणि मग पाणी उतरल्यावर उरलेला गाळ. मुलं कमरेएवढ्या पाण्यातून जातात ती रोजची वाट असल्यासारखी, कारण ती रोजचीच वाट आहे. दरवर्षी पूर पीक नेत असताना पुन्हा पेरायचं कशाला, असं लेक आईला विचारते, आणि कष्ट हाच आपला धर्म अशा अर्थाचं आई काही बोलते. दुसऱ्या सिनेमात हा संवाद पुस्तकी वाटला असता. इथे तो टिकतो, कारण बुडालेलं शेत आपण नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आई मुलीला पोहायला शिकवते तो प्रसंग मला सगळ्या सिनेमात श्रेष्ठ वाटतो. नवरा पाण्याने नेलेली बाई लेकीला त्याच पाण्यात उतरवते, आणि त्यावर एका अक्षराचं भाष्य नाही.

दुसरी गोष्ट वाढत्या वयाची. धुनूचं काम करणारी भनिता दास ही दिग्दर्शिकेच्या नात्यातलीच मुलगी. चार वर्षांत मुलीचा चेहरा बदलतो, चाल बदलते, पोरांच्या घोळक्यात उभं राहण्याची तऱ्हा बदलते. एरवीच्या निर्मितीत ही अडचण असती, ‘कंटिन्युइटी’, म्हणजे एका दृश्यातून दुसऱ्यात सगळं सारखं दिसणं, सांभाळणारा माणूस डोकं धरून बसला असता. इथे तो बदलच सिनेमाचा कणा झाला. धुनूला पाळी येते आणि रीतीप्रमाणे तोलोनी बिया होतं, आपल्याकडच्या न्हाणासारखंच. शेजारणी जमतात, मुलीला साडीसारखी मेखला-चादर नेसवली जाते, आता पोरांबरोबर झाडावर चढणं बंद असा सूर लागतो. आपल्या आज्यांनी मखरात बसण्याच्या आठवणी सांगितल्या असतील तर या प्रसंगातली शरम आणि कौतुक यांची सरमिसळ लगेच ओळखू येते. अभिनय शिकवून ती आणता येत नाही. मुलीने कॅमेऱ्यासमोर इतकी वर्षं घालवलेली असतात की तिला कॅमेऱ्याचं अप्रूप उरलेलं नाही, आणि ते नसणंच पडद्यावर दिसतं.

आवाजाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ग्रामीण सिनेमाच्या चर्चेत त्याला कोणी विचारत नाही. डीएसएलआरचा स्वतःचा माइक कामाचा नसतो. आवाज वेगळ्या यंत्रावर घ्यायचा आणि संकलनात जुळवायचा. त्यात खेड्यात शांतता असते हा शहरी माणसाचा गैरसमज. पंप चालू असतात, बकऱ्या ओरडतात, लांब कुठे लाउडस्पीकर असतो. मल्लिका दास यांनी कसलं औपचारिक शिक्षण नसताना हे मुद्रण केलं आणि प्रत्यक्ष स्थळी ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. मराठीतल्या ‘ख्वाडा’लाही काही वर्षं आधी याच प्रकारात महावीर सब्बनवाल यांच्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मेंढरांची घुंगरं आणि धनगरी बोली स्टुडिओत नंतर भरली असती तर तो सिनेमा निम्मा मेला असता. गाव डोळ्यांनी सुंदर दाखवणारे पुष्कळ आहेत. ते कानाने पकडायला चिकाटी लागते.

कोणी भरलं?

‘एकटीने केला’ या वाक्यावर माझा आक्षेप इथे आहे. श्रेयनामावलीत दास हे आडनाव पुन्हा पुन्हा येतं, आणि त्यातले बरेच जण नात्यातले. आईच्या भूमिकेत बसंती दास, भावाच्या भूमिकेत मानवेंद्र दास. बाकीची पोरं शेजारपाजारची. म्हणजे युनिट नव्हतं, पण भावकी होती. सिनेमाची माणसं ज्यासाठी पैसे मोजतात ते इथे नात्यातून आणि विश्वासातून आलं. घर उघडं ठेवणं, मुलांना सोडणं, वेळ देणं, आपल्या लेकीच्या न्हाणाचा प्रसंग कॅमेऱ्यासमोर होऊ देणं. शिवाय दिग्दर्शिकेची स्वतःची चार वर्षं. त्या काळातलं जेवणखाण, प्रवास आणि न मिळालेली कमाई कुठल्याच बजेटच्या तक्त्यात येत नाही. म्हणून सिनेमा ‘स्वस्तात झाला’ असं म्हणवत नाही. खर्च झाला, तो रोखीत झाला नाही इतकंच.

हे ध्यानात न घेता पुण्याहून मेळघाटात कॅमेरा घेऊन गेलेल्याला कलरदिया सापडणार नाही. त्याला तिथे कोणी मावशी-काकू नाहीत. त्याने आधी वर्ष-दोन वर्षं राहून माणसं जोडावी लागतील, किंवा गावकऱ्यांच्या वेळेचे पैसे रीतसर मोजावे लागतील. मला विचाराल तर दुसरा मार्ग अधिक सरळ आहे.

रोख खर्चाची उदाहरणं तर आपल्याजवळ आहेतच. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी जमीन विकली होती, आणि सिनेमा होता जमिनीतून उखडलेल्या धनगर कुटुंबावर. आसामातली परंपरा याहून जुनी. १९३५ साली ज्योतिप्रसाद आगरवाला यांनी पहिला आसामी बोलपट ‘जयमती’ केला तो आपल्याच भोलागुडी चहामळ्यात स्टुडिओ उभारून, स्वतःच्या पैशाने, आणि त्यात ते बुडाले. दूरच्या मुलखातला सिनेमा बहुधा कोणाच्या तरी घरदारावरच उभा राहतो. रीमा दास यांनी विकायला जमीन काढली नाही, वर्षं काढली.

या पद्धतीने काही गोष्टी हातच्याही गेल्या. रात्र जवळपास नाहीच. कथेची बांधणी पहिल्या अर्ध्या तासात सैल आहे, प्रसंग मण्यांसारखे येतात आणि दोरा उशिरा दिसतो. आणि दिव्यांऐवजी सकाळ-संध्याकाळच्या उन्हावर भिस्त ठेवल्यामुळे सगळं गाव सोन्यासारखं उजळलेलं दिसतं. क्षितिजावर धावणाऱ्या मुलांच्या आकृत्या एकदा डोळे भरून बघाव्यात. तिसऱ्या-चौथ्यांदा मला त्या खटकल्या. बायकांचं शेतातलं काम भर दुपारी चालतं, आणि ती दुपार या सिनेमात कमी आहे. आईच्या थकव्याचा खरा हिशेब तिथेच लागला असता. अर्थात सत्तर माणसं आणि क्रेन घेऊन गेलेले दिग्दर्शकही खेड्यात संध्याकाळच शोधत असतात, तेव्हा एकट्या कॅमेऱ्याला किती दोष द्यायचा हा प्रश्न आहेच.

सुवर्णकमळानंतर

सप्टेंबर २०१७ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच वर्षी मुंबईच्या मामी महोत्सवात भारतीय विभागाचा मुख्य पुरस्कार मिळाला. एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा शेखर कपूर यांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षक मंडळाने त्याला सुवर्णकमळ दिलं, वर भनिताला बालकलाकाराचा, रीमा दास यांना संकलनाचा आणि मल्लिका दास यांना ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार. आसामी सिनेमाला हा मान जान्हू बरुआ यांच्या ‘हालधीया चराये बाओधान खाय’नंतर जवळपास तीन दशकांनी मिळत होता. तो १९८७ चा चित्रपटही गावाचा, जमीन हातून जाणाऱ्या शेतकऱ्याचाच. मग २२ सप्टेंबर २०१८ रोजी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवड झाली. आसामी भाषेला हे पहिल्यांदाच लाभत होतं.

आणि देशातल्या थिएटरांत सर्वसाधारण प्रदर्शन कधी? २८ सप्टेंबर २०१८. जगभर वर्षभर फिरून, देशातला सर्वोच्च पुरस्कार घेऊन झाल्यावर, ऑस्करची निवड जाहीर झाल्यानंतर आठवड्याभरात.

या प्रकरणाचा दुसरा भाग इथे सुरू होतो आणि तो पहिल्याच्या बरोबर उलटा आहे. गावात थांबायला पैसे लागत नव्हते. थिएटरात प्रत्येक दिवसाला भाव आहे. डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, पोस्टर, जाहिरात, शहराशहरांत सिनेमा पोचवण्याची धावपळ, आणि हे सगळं करूनही शुक्रवारी आलेल्या सिनेमाचं भवितव्य सोमवारी सकाळपर्यंत ठरतं. हळूहळू तोंडी कीर्तीने वाढणाऱ्या सिनेमाला नेमका वेळच हवा असतो आणि तोच तिथे मिळत नाही. आसामात तर आधीच पडदे थोडे. सशस्त्र बंडखोरीच्या अशांत काळात बरीच जुनी थिएटरं बंद पडली ती पडलीच. राज्याबाहेर सबटायटल वाचत आसामी सिनेमा बघणारा प्रेक्षक मोजक्या शहरांत, मोजक्या खेळांना.

ऑस्करची मोहीम हा तर आणखी महाग बाजार. सदस्यांसाठी लॉस एंजेलिसमध्ये खेळ लावायचे, प्रसिद्धीसाठी माणसं नेमायची, तिथल्या व्यावसायिक नियतकालिकांत जाहिराती द्यायच्या. आसाम सरकारने मदत दिली खरी. पण त्या वर्षी समोर मेक्सिकोचा ‘रोमा’ होता आणि त्याच्यामागे नेटफ्लिक्सची थैली. डिसेंबरमध्ये नऊ चित्रपटांची यादी आली, तीत ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ नव्हता. यावरून आपल्याकडे निवड चुकली का, अशी नेहमीची चर्चा झाली. मला ती फिजूल वाटते. ‘शॉपलिफ्टर्स’, ‘कोल्ड वॉर’, ‘बर्निंग’ असे सिनेमे त्या यादीत होते. तिथे न पोचण्यात कसली नामुष्की नाही. नामुष्की असलीच तर ती सुवर्णकमळ मिळालेला सिनेमा आपल्याच देशातल्या माणसाला तिकीट काढून बघता येऊ नये, यात आहे.

ही आसामचीच रड आहे असं कोणी समजू नये. त्याच २०१८ च्या सोहळ्यात अमर देवकर यांच्या ‘म्होरक्या’ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा पुरस्कार मिळाला. गावच्या शाळेतल्या परेडचा म्होरक्या व्हायची हौस असलेल्या मुलाची गोष्ट, अस्सल मातीतली. तो थिएटरात आला २०२० मध्ये, तोवर पुरस्काराची बातमी लोक विसरून गेले होते. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने विदर्भातल्या गावात, गावातलीच माणसं घेऊन मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची जी उलटतपासणी केली, तिला टोरांटोत २०२३ मध्ये आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. चंद्रपूरकडच्या प्रेक्षकाला तो तिकीट काढून पाहता आला मार्च २०२५ मध्ये. महाराष्ट्रात तर मराठी चित्रपटांना सरकारी अनुदानाची योजना आहे आणि पडदेही आसामच्या कितीतरी पट आहेत. तरी हे असं. अनुदान सिनेमा बनण्याला हातभार लावतं. दुसऱ्या आठवड्यातही एक खेळ टिकवून धरायला ते पुरत नाही. तालुक्याच्या गावी महिनाभर दर रविवारी एकच खेळ, अशी साधी सोय कोणी करून पाहिली तर अशा सिनेमांना काही धुगधुगी राहील, असं मला वाटतं. फिल्म सोसायट्यांनी हे एकेकाळी केलं आहे, आणि प्रोजेक्टर आता तेव्हापेक्षा स्वस्त आहे.

रीमा दास यांनी या अडथळ्याशी झुंजण्यात फार वर्षं घालवली नाहीत. थिएटरं आपल्याला थांबू देणार नाहीत हे कळल्यावर जिथे थांबता येतं तिथेच त्या परतल्या. ‘बुलबुल कॅन सिंग’ हा पुढचा सिनेमा तर ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चा ऑस्करचा गाजावाजा सुरू होण्याच्या आतच, सप्टेंबर २०१८ मध्ये टोरांटोत दाखवून झाला होता, आणि पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्याची विशेष दखल घेतली गेली. २०२२ मध्ये ‘तोराज हसबंड’ आला. परदेशी महोत्सव त्यांची वाट बघू लागले आणि पुढच्या सिनेमांना बळ मिळालं ते मुख्यतः तिथून. गावातल्या माणसांवरच्या सिनेमाचा प्रेक्षक असा गावापासून दूर सरकत जातो, हे मला बोचतं. पण पर्याय काय होता ते सांगायला मी असमर्थ आहे.

२०२४ मध्ये रीमा दास पुन्हा धुनूकडे वळल्या. ‘व्हिलेज रॉकस्टार्स २’मध्ये भनिता दास आता ऐन तारुण्यात आलेली आहे, आई बसंती दासच आहे, आणि आईच्या आजारपणाने घराचा भार मुलीवर येऊ लागला आहे. दक्षिण कोरियातल्या बुसानच्या महोत्सवात त्याला किम जीसोक पुरस्कार मिळाला. दोन सिनेमांमधल्या वर्षांत गाव, ती मायलेक आणि दिग्दर्शिका यांचं नातं सुटलं नव्हतं, म्हणूनच दुसरा भाग होऊ शकला. मुलीचं वय वाढवायला मेकअप लागला नाही, आणि दुसरी नटी शोधावी लागली नाही.